मिरज स्टेशनात न आलेलं पिल्लू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात रोज असतात. वीजबिल, शेअर बाजार, डिजिटल अरेस्ट. सकाळच्या चहाबरोबर त्या वाचताना 'लोक फसतात तरी कसे?' असं मी मोठ्यानं म्हणायचो. गेल्या महिन्यात आमच्याच घरातले 16,500 रुपये एका नसलेल्या लॅब्राडॉरच्या पिल्लापायी गेले, तेव्हापासून पेपर गप्प वाचतो.

माझी 34 वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली, त्यातली शेवटची 12 मिरजेला. आणि आमच्या चिरंजीवांना गंडा बसला तो 'रेल्वे पार्सलने येणाऱ्या' कुत्र्याचा! घरात कुत्रं नको हा माझा हट्ट सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही. नातवाचा वाढदिवस होता. पिल्लू दारात आलं की म्हातारा विरघळेल, असा हिशेब. तसा तो चुकीचाही नव्हता.

मोबाइलवर जाहिरात दिसली. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी चांगल्या पिल्लाचे पंधरा-वीस हजार सांगितले होते, इथे फक्त आठ. विकणारा म्हणे फौजेत सुभेदार, बदली आसामला झाली, पिल्लू चांगल्या घरी जावं एवढीच इच्छा. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आमच्या सांगली-साताऱ्याकडे गावोगाव फौजी. वर्दीचं नाव निघालं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. दोन हजार ॲडव्हान्स गेला. पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं एका बाईचं. 'मिसेसचं खातं आहे,' इतकं उत्तर पुरलं.

दुसऱ्या दिवशी 'ट्रान्सपोर्टवाल्याचा' फोन. पिंजऱ्याचे 3,500, पिल्लू ताब्यात घेताना परत मिळणार. मग इन्शुरन्सचे 4,800, तेही परत मिळणार. मग 'पिल्लू मिरजेत पोचलंय, हेल्थ सर्टिफिकेट नाही म्हणून अडकलंय, सकाळपासून पाणीसुद्धा प्यालेलं नाही', त्याचे 6,200. आठ हजारांच्या कुत्र्यावर दुप्पट पैसे जाईपर्यंत शहाणा माणूस थांबत कसा नाही? मुलगा म्हणाला, "बाबा, प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढे दिले की आधीचे सुटतील." शिवाय ते तहानलेलं पिल्लू. मागे पिल्लाचं कुंईकुंई ऐकवत होते फोनवर.

पुढच्या मागणीला मुलानं माझ्यासमोर मोबाइल धरला. पावतीचा फोटो होता. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. मिरजेचा स्टेशन कोड लिहिला होता एमआयआर. आमचा कोड एमआरजे. हजारो पावत्यांवर या हातानं लिहिलाय. वजनाच्या रकान्यात 4 किलो 200 ग्रॅम. गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समधून, म्हणजे कुत्र्यांच्या पेटीतून, कुत्रं नेलं, तर आमच्या काळी ते काट्यावर कुणी चढवत नसे, सरळ 30 किलोचं भाडं लावायचं. एसी फर्स्टमध्ये अख्खा कूपे, म्हणजे बंद खोली, घेऊन जवळ ठेवलं, तर 60 किलोचं. आणि इन्शुरन्स? जनावराची किंमत जास्त सांगितली तर त्यावर टक्केवारीनं शुल्क असे, पण ते बुकिंगच्या खिडकीवर. गाडी सुटल्यावर, फोन करून, वर 'परत मिळेल' म्हणत रेल्वेनं पैसे मागितल्याचं मी उभ्या नोकरीत ऐकलं नाही.

आमच्याकडे कुत्रं यायचं ते बहुतेक धन्याबरोबरच, त्याच्या तिकिटावर लगेज म्हणून. उन्हाळ्यात ती पत्र्याची पेटी तव्यासारखी तापायची. गाडी थांबली की मालक पुढच्या डब्यातून तांब्या घेऊन धावत यायचा, निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं. एकटंच पिल्लू 'डिस्पॅच' झालं, या शब्दालाच मुलानं कान टवकारायला हवे होते. तो तरी काय करणार म्हणा, मी घरी कधी या गोष्टी सांगितल्याच नाहीत.

तरीही नातवाला घेऊन स्टेशनात गेलो. खोटं आहे हे मला कळलं होतं, पण त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. हातात जुना टॉवेल आणि स्टीलची वाटी. पार्सल ऑफिसात माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा आता खुर्चीवर आहे. त्यानं पावती बघितली, नातवाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, या महिन्यातलं हे तिसरं."

लसीकरणाचं कार्डही त्यांनी धाडलं होतं. डॉक्टरांनी ते बघून कपाळावर हात मारला. पस्तीस दिवसांच्या पिल्लाच्या नावावर रेबीजची लस टोचलेली. ती साधारण तीन महिन्यांनंतर देतात. मुळात केंद्र सरकारच्या 2017च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि विकणाऱ्या ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणजे जाहिरातीतला 'पस्तीस दिवसांचं, गोंडस' हा मजकूरच बेकायदा. आम्ही त्यातलं गोंडस तेवढं वाचलं.

त्याच जाहिरातदाराकडे बोलणारे राघू आणि तारा कासवंही होती. हे दोन्ही पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. माझा संशय असा की, ठगांना असली गिऱ्हाइकं जास्त आवडत असणार. राघूसाठी पैसे भरून फसलेला माणूस पोलिसांत जाऊन सांगणार काय?

नंतर सुनेनं तो फोटो गूगल लेन्सवर टाकला. तेच पिल्लू, तोच लाल पट्टा, तीच फरशी, आणि भलत्याच शहरातली भलतीच जाहिरात. दोन मिनिटांचं काम होतं, ते आधी करायला हवं होतं. माझी स्वतःची युक्ती आणखी जुन्या वळणाची. विकणाऱ्याला म्हणावं, व्हिडिओ कॉल लाव, पिल्लाला आजच्या पेपरवर बसव आणि मग कॅमेरा फिरवून त्याची आई दाखव. खरा पाळणारा हसेल, पण दाखवेल. (पेपरचं पुढे काय होईल ते पिल्लावर अवलंबून, आपण राग मानू नये.) 'नेटवर्क नाही', 'ड्युटीवर आहे' सुरू झालं की फोन ठेवून द्यावा. आणि खरेदी करायचीच, तर जिथे आई आहे तिथे आपल्या पायांनी जावं, पैसे तिथेच द्यावेत.

एक चूक मात्र पैसे गेल्यानंतरची. मुलगा लाजेनं तीन दिवस गप्प बसला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर चौथ्या दिवशी फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते. आता तक्रारीचा क्रमांक तेवढा हातात आहे. त्याच आठवड्यात आणखी एकाचा फोन आला, 'तुमचा रिफंड मंजूर झालाय, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.' या खेपेला मुलानं मोबाइल माझ्याकडे दिला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, एवढं मलाही कळतं. मी त्याला मिरजेचा स्टेशन कोड विचारला. त्यानं फोन कट केला.

गेल्या रविवारी नातवाला घेऊन सांगोल्याच्या बाजूला एका मेंढपाळाच्या वस्तीवर जाऊन आलो. कारवानी कुत्री, बारीक कमरेची, अंगाखाली पाच पिल्लं. आम्ही जवळ गेल्यावर ती उठून उभी राहिली आणि पिल्लं तिला तशीच लोंबकळत राहिली. एक पिल्लू नातवानं हेरून ठेवलंय. मी पाकिटाला हात घातला तर मेंढपाळ म्हणाला, "आत्ता नगं. दूध तुटू द्या, मग पिल्लू न्या आन् मग पैकं द्या."

आपला,
एक निवृत्त पार्सल क्लार्क, मिरज

(ता. क. नाव छापू नये ही विनंती. पैसे मुलाचे गेले, पण कट्ट्यावर हसतील मला.)