दिल्या, काकूंचा कूलर मी बंद केलाय

नागपूर,
१४ जून २०२५

प्रिय दिल्यास,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोन झाले, पण फोनवर आपण दोघंही "बाकी ठीक" म्हणून मोकळे होतो. आज मात्र लिहायलाच हवं. तू तुझ्या आईसाठी पाठवलेला नवा कूलर मी परवा रात्री काकूंच्या खोलीत बंद केला आणि प्लगही काढून ठेवला. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्या वाक्यालाच भडकला असतास आणि पुढचं ऐकलं नसतंस. म्हणून कागदावर. शेवटपर्यंत वाच.

आणि आपला त्र्याऐंशीचा लोखंडी कूलर गेला. टाकी घासताना कोपऱ्यातल्या पत्र्यातून बोट आरपार. दरवर्षी आतून डांबर द्यायचो, ते तीन वर्षं राहिलं. क्षाराच्या थराखाली पत्रा कुजत गेला, वरून काही कळलं नाही. पंख्याचं भोक अजून तसंच वाकडं आहे. ते तू कापलंस. बंड्या साक्षीला आहे, आता तरी मान्य कर.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. काकूंची बीपीची गोळी चालू आहे, माझी साखर आहे तिथेच.

आता मूळ मुद्दा. तुझ्या डोक्यात नागपूरचा जो उन्हाळा आहे तो कोरडा आहे. २३ मे २०१३ आठव, पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारीसुद्धा काकू कूलरसमोर चादर ओढून झोपल्या होत्या. म्हणून तुला वाटतं, कूलर आहे ना, मग झालं. यंदा तसं नाही रे. मान्सून २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत. गेल्या पाऊणशे वर्षांत मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता. मे महिनाभर अवकाळी, कडक उन्हाचे नऊ दिवस म्हणजे नवतपा, तोही निम्मा ओलाच. आणि मग मे संपता संपता पाऊस जिथे होता तिथेच थबकला. आता ऊन पुन्हा चाळिशीच्या वर, पण हवेत ओल तशीच. काकूंच्या डब्यातले पापड सादळलेत, मीठ पाण्यावर आलंय, काडेपेटीची काडी पेटत नाही. जून अर्धा झाला, पाऊस नाही आणि काडी पेटत नाही, असं आपल्या गल्लीत कधी पाहिलं होतंस?

कूलर थंड करतो तो पाणी उडवून. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडतं आणि तितकी हवा निवते. ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर कूलरच्या बाजूला लावलेली, चांगली भिजलेली ताटी २७-२८ ची हवा देते. ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर तोच कूलर, तीच ताटी, जेमतेम ३१ देते, आणि ती हवा इतकी ओली असते की घाम अंगावरून हलत नाही. म्हणजे आकडा सहा अंशांनी उतरला आणि माणूस जास्त हैराण. तू गेल्या वर्षी मला नागपूरच्या छप्पन्न अंशांची बातमी पाठवून "जिवंत आहेस का" विचारलं होतंस. तो ३० मे २०२४ चा आकडा बिघडलेल्या सेन्सरचा होता, हवामान खात्यानेच सांगितलं. आता मात्र खरंच विचारायची वेळ आहे, आणि आकडा चाळिशीचाच आहे. खारघरचा महाराष्ट्र भूषण सोहळा आठव. १६ एप्रिल २०२३. पारा चाळिशीच्या आत होता, आणि चौदा माणसं गेली. दमट हवा, डोक्यावर ऊन, तासन् तास बसणं.

म्हणून आता नुसता पारा बघू नकोस. मी काकूंच्या खोलीत दोन साधे काचेचे थर्मामीटर शेजारी-शेजारी टांगलेत. एकाच्या फुग्यावर बुटाची पांढरी सुती नाडी चढवली, दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. हा ओला, दुसरा कोरडा. पाणी उकळून गार केलेलं. बोअरचं घातलं तर चार दिवसांत नाडी क्षाराने कडक होते आणि आकडा खोटा येतो. पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटं ठेवायचं, मग दोन्ही वाचायचे. दोघांत बारा-पंधरा अंशांचा फरक असेल तर कूलर राजा. आठाच्या खाली आला की पाण्याचा पंप बंद, नुसता पंखा, खिडक्या सताड उघड्या.

परवा रात्री दहा वाजता गच्चीत कोरडा ३४, ओला २७. काकूंच्या खोलीत, तुझा नवा कूलर चालू असताना, कोरडा ३३, ओला ३०. एक अंश कमावला आणि ओल्यात तीन घालवले. कारण तो चाकांवरचा कूलर पलंगाच्या पायथ्याशी ठेवला होता आणि खिडक्या बंद. तीच हवा फिरून फिरून ताटीतून जात होती, वरून स्लॅबची धग उतरत होती, वाफ बाहेर जायला वाट नाही. चादर हाताला ओलसर लागली. काकू म्हणाल्या, "घाबरल्यासारखं होऊन राहिलं रे, पण दिलूने एवढा पाठवला, बंद कसा करू?" त्यांना दोष नाही. ओल्याचा आकडा ३५ झाला की कुणीही टिकत नाही असं आधी म्हणत. अमेरिकेत धडधाकट तरुणांवर प्रयोग केले तर त्यांचं शरीर ३१ च्या आसपासच हार मानू लागलं. काकू ब्याऐंशीच्या आहेत आणि त्या खोलीत ३० होता. मला त्या रात्री झोप लागली नाही, दिल्या.

खिडकीवरून आपण किती भांडलोय! "थंड हवा बाहेर जाते" म्हणून तू समोरची खिडकी लावायचास आणि मी उघडायचो. अण्णा शेवटी म्हणाले होते, दोघंही बाहेर जा. पण ऐक, आत येणाऱ्या हवेइतकीच हवा बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोली म्हणजे इडलीचं भांडं. तुझा नवा कूलर वाया नाही गेला. त्याची पाठ उघड्या खिडकीला चिकटवून ठेवायची, म्हणजे ताटी बाहेरची हवा ओढेल, आणि समोरचं दार वीतभर उघडं. कोरड्या दिवसांत तो छान काम देईल. मी तशी जागा करून ठेवली आहे.

जुन्याला बंड्या नवा तळ बसवून देतोय, वीस गेजचा जीआय पत्रा. पुढच्या पाडव्याला वाळ्याच्या ताट्या. तू वुडवूल (लाकडाचे तंतू) म्हणशील, मला माहीत आहे. वुडवूल महिनाभरात खाली बसतं आणि वरच्या काठाला चार बोटं मोकळं राहतं. गरम हवा तिथूनच सरळ आत येते. परवा नव्या कूलरची मागची जाळीही काढून पाहिली. ताटीवर मधोमध एक वीतभर रुंद कोरडी पट्टी, पांढरी फटक. वरच्या पाण्याच्या नळीची सात भोकं क्षाराने बुजली होती. दाभणाने एकेक मोकळं केलं, नळी शेवटचं बूच काढून झटकली, मग पट्टी भिजली. हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं, आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून ब्रशने घासून कोरडी. नुसतं पाणी ओतून चालत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात.

शॉकचं तर मी काकूंजवळ असणाऱ्या मंदाला रोज बजावतो. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासलेलं, आणि बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा खटका, मी बसवून घेतलाय. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायचं; खटका पडला नाही तर तो निकामी. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता स्लॅब. खरी दुश्मन तीच. दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओकते. संध्याकाळी पाच वाजता आतल्या छताला हात लावून पाहा, आणि रात्री अकराला पुन्हा. अकरालाही गरमच लागतं. पूर्वी गच्चीवर चार बादल्या ओतल्या की रात्री गाद्या टाकता येत होत्या. दमट हवेत ते पाणी उडतच नाही. त्याऐवजी गच्ची घासून चुन्याचे दोन हात दिले. चुना चोवीस तास भिजवला, कापडातून गाळला, त्यात थोडं फेव्हिकॉल आणि पांढरं सिमेंट, नाहीतर पहिल्या पावसात सगळा वाहून जातो. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. खोलीत दोन अंशांचा फरक पडला. वर हिरवी जाळी बांधली, पण स्लॅबपासून दोन फूट उंच; टेकवून अंथरली तर उष्णता तिच्याखाली कोंडते. काकूंचा पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून काढून मधे आणला. तुझ्या बाबांचा फोटो त्या भिंतीवर आहे म्हणून त्या आधी तयार नव्हत्या. फोटोही हलवला.

एवढं करूनही दमट रात्री ही खोली तीसच्या खाली येत नाही. म्हणून दिल्या, एसी लावावाच लागेल. तुझं म्हणणं मला पाठ आहे: आईचे सांधे दुखतात, ती लावणारच नाही, बिल बघून बंद करेल. सांधे दुखतात ते अठरावर लावून अंगावर झोत घेतल्याने. अठ्ठावीसवर ठेवायचा, वरचा पंखा एकवर, झोत भिंतीकडे. रात्री नऊ ते पाच, सहा-आठ युनिट. वरच्या मजल्याला दीड टन घे, एक टनाचा रात्रभर हाशहुश करत राहील आणि वीज तेवढीच खाईल. तुमच्या घराचं वायरिंग जुनं आहे, त्या प्लगवर चालणार नाही. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, आणि स्टॅबिलायझर, कारण संध्याकाळी इथे व्होल्टेज पडतं. बाहेरचं युनिट पूर्वेला, बाल्कनीत. आणि एसी चालू असताना कूलर अजिबात नाही. कूलरने सोडलेली वाफ आटवण्यातच एसीचा जीव जातो.

लाईन गेली तर काय, तेही ठरवलंय. माझी खालची खोली, अंगावर ओला पंचा, वर इन्व्हर्टरचा पंखा. दमट ३८ ला ओल्या अंगावरचा पंखा उपयोगी पडतो. कोरड्या ४४ ला मात्र नुसता पंखा भट्टीची हवा मारतो, तेव्हा अंग सतत भिजवत राहायचं.

मंदाला मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलंय. काकू असंबद्ध बोलल्या, चालताना झोक गेला, अंग तापलं, तर घाम आहे की नाही ते बघत बसायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं: लुगडं सैल, सगळ्या अंगावर नळाचं पाणी, पंखा, मानेला काखेत जांघेत बर्फाच्या पिशव्या, आणि त्याच वेळी १०८. तापाची गोळी नाही, तिचा इथे उपयोग नसतो. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. एरवी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा सरळ ओआरएसची पुडी. त्यांना तहान लागतच नाही, म्हणून मी स्टीलचा पेला ठरवलाय: सकाळपासून दर तासाला अर्धा. पन्हंही चालतं, गूळ बेताने. खिशातल्या कांद्याला माझी ना नाही, त्या पदराला बांधतात, बांधू दे. मात्र त्यांच्या बीपीच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी आहे, तिचं उन्हाळ्यात काय करायचं ते तू स्वतः डॉक्टरांशी बोल. मी बोललो तर ते म्हणतात मुलाला फोन करायला सांगा.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्येच ना? वहिनींची बदली रद्द झाली हे काकूंकडून कळलं, बरं झालं. छकुलीला निकालाबद्दल माझ्याकडून शाबासकी आणि पाचशे रुपये दे, मी देतो तुला. नलूमावशीच्या घराचं तू काय ठरवलंस ते सावकाश लिही.

एसीचं मात्र उद्या ठरव. इलेक्ट्रिशियनने लाईनसाठी बुधवार दिलाय, मी हो म्हणून ठेवलंय. रविवारी काकूंना फोन करशील तेव्हा "कूलर चालतो का" असं विचारू नकोस, त्या तुझ्यासाठी हो म्हणतील. "रात्री किती वेळा उठलीस" असं विचार.

तुझा,
वश्या

ता. क. आज सकाळी सहाला खोलीत कोरडा ३१, ओला २७. काकू मला म्हणाल्या, झोप लागली होती.