वळवाच्या पोटात

प्रिय भावा,

तुझा मेसेज मला दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात दिसला. 'गारा पडल्या. खरड छाटणीनंतरचे द्राक्षाचे फुटवे पार झोडपले. तुमच्या विमानातून हे खालचं काही दिसतं का रे?' फोनवर बोललो असतो तर मी ते हसण्यावारी नेलं असतं, म्हणून लिहायला बसलोय. त्या संध्याकाळी आपण दोघं एकाच वळवाच्या तावडीत होतो. तू खाली, मी आत.

हैदराबादहून कोल्हापूरला येत होतो. आमचं एटीआर तुला माहीत आहे, दोन पंख्यांचं, सत्तरएक सीटचं. तू त्याला आपल्याकडच्या शेअर जीपसारखं वडाप म्हणतोस ते. पुढं आम्ही दोघं, कॅप्टन आणि मी, मागं केबिन क्रूच्या दोघी. मे महिन्यातला ढग दुपारी कापसाच्या बोंडाएवढा असतो आणि चारपर्यंत त्याचा डोंगर होतो. टोक कधीकधी ४५,००० फुटांच्याही वर. आमचं वडाप २५,००० च्या वर चढत नाही, त्यामुळं डोक्यावरून जायचा प्रश्नच नाही. वळसा घालायचा, तोही किमान २० नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांबून.

विजापूर मागं पडलं तेव्हा १८,००० फुटांवर होतो. रडारवर समोर दोन लाल डाग आणि मध्ये काळी फट. लाल म्हणजे जोराचा पाऊस, काळं म्हणजे मोकळं. आता यातली मेख ऐक. विमानाच्या नाकातलं रडार पावसाच्या थेंबांवरून परत येणारा प्रतिध्वनी वाचतं. अलीकडचाच पाऊस फार दाट असला की सगळी ताकद तिथंच संपते, पलीकडचं काही परत येत नाही आणि पडद्यावर ती जागा स्वच्छ काळी दिसते. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहून आलोय. तरी मीच म्हणालो, "सर, मधून निघेल." आधीच उशीर झाला होता, वळशाची पंधरा मिनिटं जिवावर आली. कॅप्टननी पडद्याकडं बघितलं, बाहेर बघितलं आणि "ठीक" म्हणाले. विमान माझ्या हातात होतं.

वेग १८० नॉटवर आणला, बेल्टची खूण लावली आणि मागं सांगितलं, "केबिन क्रू, बसून घ्या."

पुढचं क्रमानं सांगता येणार नाही. आधी गारा ऐकू आल्या, पत्र्यावर कुणी खडीचा डंपर ओतावा तशा. ऑटोपायलट सुटला. समोरचे आकडे दिसत होते पण वाचता येईनात, डोळेच जागेवर राहत नव्हते. एका उचलीत सातशे फूट वर गेलो आणि लगेच त्याहून जास्त खाली. अशा वेळी उंचीच्या मागं लागायचं नसतं. पंख सरळ ठेवायचे, नाक हलू द्यायचं नाही, उंची जाईल तिकडं जाऊ दे. हट्टानं खेचाखेची केलीस तर हवेनं दिलेल्या ताणात तुझी भर. कॅप्टन कंट्रोलला सांगत होते की उंची धरता येत नाही, आणि आवाज असा की गवळ्याला उद्या एक लिटर जास्त आणायला सांगतायत. त्या आवाजावर मी तगलो. सगळं मिळून चाळीस सेकंद म्हणे. मला विचारशील तर मिरज ते पंढरपूर.

बाहेर पडलो तर पश्चिमेला लख्ख ऊन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही दिसत. तासगावच्या बाजूला नुसता निळा-काळा पडदा लोंबत होता. वरून तो देखणा दिसतो, हे तुला लिहिताना लाज वाटते.

मग मागून इंटरकॉम वाजला. दोघींतली धाकटी बोलत होती. मोठी छताला आपटून खाली पडली होती आणि तिचा घोटा मोडला होता. बेल्ट न लावलेल्या दोघा प्रवाशांच्या डोक्याला खोक पडली होती. हीच बाई प्रवाशांना बेल्टसाठी तळमळून सांगायची. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला २१ मे २०२४ ला म्यानमारवर असाच दणका बसला, ७३ वर्षांचा एक प्रवासी दगावला, ती गोष्ट तिच्या ओठांवर असायची.

कोल्हापुरात उतरलो, ॲम्ब्युलन्स उभी होती. विमान तपासणीसाठी तिथंच अडकलं, परतीचे प्रवासी आमच्या नावानं खडे फोडत घरी गेले. चौकशी चालू आहे. माझं वाक्य मी जसंच्या तसं लिहून दिलंय.

चार दिवसांनी तिला भेटायला गेलो. माफीची वाक्यं जुळवून नेली होती. तिनं एवढंच विचारलं, "तू 'बसा' म्हणालास आणि पहिला धक्का बसला, यात किती वेळ गेला?"

"बारा सेकंद असतील."

"आठव्या रांगेतून ट्रॉली मागं नेऊन ब्रेक लावून बसायला मला चाळीस लागतात."

रागानं नाही रे. हिशेब सांगावा तसं. रागावली असती तर बरं झालं असतं.

परवा पुन्हा तीच फेरी होती. समोर ढग होते, पण लांब. मी दहा मिनिटं आधीच त्या दिवशीच्या क्रूच्या दोघींना बसवलं आणि चांगला वळसा घेतला. काही म्हणजे काही हललं नाही. उतरताना एक गृहस्थ तक्रार लिहून गेले, मागूनही प्यायला पाणी दिलं नाही म्हणून.

पंचनाम्याला तलाठी आला का? आणि फुटव्यांचं काय, नव्यानं फुटतील की वर्ष गेलं? सविस्तर लिही.

तुझाच,
वडापवाला