आधी काम, मग कॉलेज : एका ताईंना अनावृत आभारपत्र

मुंबई

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझ्या मुलीची एका मीडिया एजन्सीच्या, म्हणजे जाहिराती कोठे आणि किती वेळा दिसाव्यात हे ठरवणाऱ्या कंपनीच्या, प्लॅनिंग विभागातील नोकरी नुकतीच कायम झाली, हे तिने आपल्याला फोनवर कळवलेच आहे. आभार मानण्यासाठी आम्ही मुलुंडला प्रत्यक्ष येणार आहोतच. परंतु आपण आम्हाला जाहिरात क्षेत्राबद्दल जे समजावून सांगितलेत, ते बारावीच्या निकालानंतर गोंधळून गेलेल्या इतर घरांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपले नाव कोठेही येऊ नये, ही आपली अट पाळली आहे.

वाणिज्य शाखेतून बारावी झाल्यावर मुलगी ‘मला जाहिरातीत जायचे आहे’ म्हणाली, तेव्हा आमच्या घरात त्या क्षेत्राची ऐकीव माहिती असणारेही कोणी नव्हते. मी सहकारी बँकेत, तिचे वडील कारखान्यात. नातेवाइकांनी मात्र बीएमएम, बीएमएस, बीबीए, डिजिटल मार्केटिंग अशी नावे सुचवून आमची डायरी भरून टाकली होती. त्यामुळे आपल्याकडे आलो ते ‘कोणते कॉलेज चांगले?’ हा एकच प्रश्न घेऊन. आपण तो बाजूला ठेवलात आणि थेट मुलीला विचारलेत, ‘ऑफिसात बसल्यावर दिवसभर नेमके काय करायला तुला आवडेल?’ तिला उत्तर देता आले नाही आणि आपल्याला त्याचे आश्चर्यही वाटले नाही.

मग आपण एका साबणाच्या जाहिरातीचा प्रवास सांगायला घेतलात. साबणाची किंमत किती, वेष्टन कसे, माल कोणत्या दुकानांत जायचा आणि वर्षाअखेरीस नफा किती हवा, याचा हिशेब देणारा ब्रँड मॅनेजर कंपनीत असतो; जाहिरात हा त्याच्या कामाचा एक भाग. तो ब्रीफ, म्हणजे जाहिरातीकडून काय हवे याचे टिपण, देतो; ते घेऊन जाहिरात बनवणाऱ्या एजन्सीत येणारी आणि दोन्हीकडची बोलणी खाणारी क्लायंट सर्व्हिसिंगची माणसे वेगळी. गिऱ्हाईक हा साबण का घेईल, याचा शोध घेणारा प्लॅनर वेगळा. शब्द आणि चित्र एकत्र बसून घडवणारी कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांची जोडी वेगळी. आणि ती तयार जाहिरात कोणत्या वाहिनीवर, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या होर्डिंगवर, किती वेळा आणि किती पैशांत दिसावी हे ठरवणारे मीडियावाले वेगळे. 1990 च्या दशकापासून हे मीडियाचे काम मूळ एजन्सींमधून बाहेर पडून स्वतंत्र कंपन्यांकडे जाऊ लागले, हे आपण सांगितलेत तेव्हा, ज्या खुर्चीवर आपण अनेक वर्षे बसलात तिची ओळख आम्हाला प्रथमच झाली. ‘जाहिरातीत जायचे’ म्हणणारी बहुतेक मुले यातील एकच खुर्ची डोळ्यांसमोर ठेवून येतात, हे आपले निरीक्षण आमच्या मुलीला तंतोतंत लागू होते.

त्यानंतर आपण तिला दिलेला अभ्यास मी विसरणार नाही. वर्तमानपत्र उघडून त्यातील प्रत्येक जाहिरात पट्टीने मोजायची, चौरस सेंटिमीटर काढायचे, वर्तमानपत्राच्या दरपत्रकातील दराने गुणायचे आणि आकडा जाहिरातीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचा. 16 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर उंच जाहिरात म्हणजे 400 चौरस सेंटिमीटर. पहिल्या पानाचा दर निराळा, मुंबईबरोबर पुणे आणि नाशिकची आवृत्ती घेतली की गणित निराळे, आणि दरपत्रकातला दर हा केवळ घासाघीस सुरू करण्यासाठी असतो ही आपली टिप्पणी त्यावर वेगळीच. आमच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक दिवस कागद पसरलेले असत. टीव्हीचे गणितही तिने आपल्याकडूनच उचलले : 60 टक्के प्रेक्षकांनी एखादी जाहिरात सरासरी 4 वेळा पाहिली, तर 240 जीआरपी, म्हणजे प्रेक्षकांची टक्केवारी गुणिले पाहण्याच्या वेळा; आता प्रश्न असा की 80 टक्क्यांना 3 वेळा दाखवली तरी आकडा तोच येतो, मग यातले काय घ्यायचे? नव्या मालासाठी एक उत्तर, घरोघरी पोहोचलेल्या ब्रँडसाठी दुसरे. घोषवाक्ये लिहायला आलेली मुलगी या प्रश्नाने रात्री जागी राहू लागली, तेव्हा तिची खुर्ची कोणती हे आम्हालाही दिसू लागले.

कॉलेजांचा विषय आपण त्यानंतरच काढू दिलात. चित्र काढणाऱ्यांसाठी आपण सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या परिसराकडे बोट दाखवलेत, जिथे व्यावसायिक कलेचे शिक्षण 1935 पासून दिले जाते. उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी, स्वतंत्र प्रवेश परीक्षा, आणि नोकरीच्या वेळी गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतः केलेल्या कामाच्या नमुन्यांची, विचारपूस. अरुण कोलटकर हे मराठीतले एवढे मोठे कवी, पण पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर म्हणून नावाजलेले, हेही तेव्हाच कळले. लेखन किंवा क्लायंट सर्व्हिसिंगकडे ओढा असेल, तर मुंबई विद्यापीठाची मास मीडियाची पदवी, म्हणजे जुने बीएमएम आणि आताचे बीएएमएमसी. किंवा कोणतीही पदवी घेऊन त्यानंतर झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्ससारख्या, 1969 पासून चाललेल्या संस्थेतील पदव्युत्तर पदविका. अहमदाबादच्या मायका या जाहिरात-विपणन शिकवणाऱ्या संस्थेचे नाव आपण आदराने घेतलेत. तिथे व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेबरोबर मायकॅट ही स्वतंत्र परीक्षाही द्यावी लागते आणि शुल्काचा विचार आधी करावा लागतो, एवढे सांगून आपण पुढे गेलात. ब्रँड मॅनेजर व्हायचे असेल, तर मोठ्या कंपन्या एमबीए मागतात आणि नेमणूक झाल्यावरही आधी विक्री विभागात, वितरकाच्या गोदामात आणि किराणा दुकानांत पाठवतात, हे ऐकून तिच्या वडिलांचा चेहरा पडला होता, हे मला आठवते.

आता शैक्षणिक मेळाव्यातील त्या प्रसंगाबद्दल. एका खासगी संस्थेच्या समुपदेशकाने आम्हाला ‘100 टक्के प्लेसमेंट’ असे लिहिलेले माहितीपत्रक देऊन त्याच दिवशी काही रक्कम भरून जागा राखून ठेवण्याचा आग्रह केला होता. तिच्या वडिलांनी चेकबुक बरोबर आणलेले होते. मी तिथूनच आपल्याला फोन केला. आपण न रागावता सांगितलेत की, भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे 1985 मध्ये जाहिरात क्षेत्रानेच स्वनियमनासाठी स्थापन केलेली एएससीआय, हिचे शैक्षणिक संस्थांच्या जाहिरातींसाठी वेगळे मार्गदर्शक नियम आहेत. नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेकडे तिचा पुरावा असला पाहिजे, आणि पुरावा असला तरी पूर्वीचे यश ही पुढच्या नोकरीची खात्री नव्हे असा खुलासा जाहिरातीत छापला पाहिजे. ‘त्यांना फक्त मागच्या तुकडीच्या नोकऱ्यांची यादी, कंपनी आणि पदासह, मागा,’ एवढेच आपण म्हणालात. आम्ही मागितली. समुपदेशकाने साहेबांना विचारून येतो म्हणून सांगितले आणि तो बराच वेळ आलाच नाही. आम्ही चहा घेऊन विक्रोळीची गाडी पकडली. जाहिरात शिकवणाऱ्या संस्थेची जाहिरात जाहिरातीच्याच नियमांनी तपासायची, ही युक्ती मी त्यानंतर बँकेतल्या अनेक सहकाऱ्यांना सांगितली आहे.

अखेरीस मुलीने अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि नंतर जाहिरात व विपणनाची पदविका केली. ‘जाहिरातीसाठी संख्याशास्त्र?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते आनंदाने केले. पदवीच्या काळात आपण तिला सुट्टीत एजन्सीत इंटर्नशिप मिळवण्यासाठी अर्ज कसा लिहायचा ते शिकवलेत. ओळखीने चिकटवून दिले नाही, हे मला तेव्हा किंचित खटकले होते, पण मुलाखतीत तिने मोजलेल्या जाहिरातींची ती वही दाखवली आणि काम झाले.

एका मुद्द्यावर मात्र माझे आपल्याशी अजूनही जमत नाही. ऑनलाइन अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांबद्दल आपले मत फारसे चांगले नाही आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. तथापि गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारी जाहिरातविषयक प्रमाणपत्रे तिने घरी बसून मिळवली, आणि पहिल्याच आठवड्यात सर्च मोहिमेचे, म्हणजे गूगलवर शोधताना दिसणाऱ्या जाहिरातींचे, अहवाल तिच्या हाती आले तेव्हा त्यांचा तिला उपयोग झाला. पदवीच्या जागी ते चालणार नाही, पदवीच्या जोडीला चालेल, असे माझे म्हणणे आहे. आपण भेटल्यावर यावर बोलूच.

पुढचा प्रश्नही आपल्यासाठी तयार आहे. काही वर्षे काम झाल्यावर मार्केटिंग मॅनेजमेंटची तीन वर्षांची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी नोकरी सांभाळून करावी, की मधे थांबून पूर्णवेळ एमबीए करावे, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत. तिचे वडील पूर्णवेळाच्या बाजूने आहेत, मी अर्धवेळाच्या, आणि मुलगी सध्या उत्सवी हंगामाच्या मीडिया प्लॅनमध्ये इतकी बुडालेली आहे की तिला मत द्यायलाही सवड नाही.

शिवाय आमच्या इमारतीतील एक मुलगा कॉपीरायटर होण्याचे म्हणतो आहे. आपली हरकत नसेल, तर येत्या रविवारी त्यालाही बरोबर आणते. दुपारी चारची वेळ आपल्याला सोयीची आहे का, ते कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
विक्रोळीची एक आई