खरं असलं तरी बोलायलाच हवं का?

महोदय,

आमच्या जवळपासच्या एका घराचे गेल्या काही महिन्यांत जे हाल झाले ते बघून हे पत्र लिहिते आहे. कोणाचं घर, कोणता वाडा, हे सांगणार नाही. सांगितलं तर ज्याच्याविरुद्ध लिहायला बसले तेच माझ्या हातून होईल.

बोटीवर नोकरीला असलेला एक तरुण कराराचे महिने पुरे व्हायच्या आधीच घरी आला. आपल्या गोव्यात बोटीवर जाणारी माणसं ठायी ठायी, त्यामुळे कोण कधी गेला आणि कधी येणार याचा हिशेब सगळ्या गावाला पाठ असतो. लगेच कुजबूज सुरू झाली. दारूमुळे काढलं म्हणे. मग तिखटमीठ लागलं, मारामारी आली, पोलीस आले, कोणी तर ड्रग्जपर्यंत नेऊन ठेवलं.

तिखटमीठ वाईट हे कोणीही मान्य करील. मला बोलायचं आहे ते मूळ गोष्टीबद्दल, कारण ती खरी होती. त्याला दारूमुळेच परत पाठवलं होतं. घरी आल्यावर मात्र तो त्यातून सुटायला धडपडत होता, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीला नेमाने जात होता. आपलं नाव बाहेर जाणार नाही या एकाच भरवशावर माणूस तिथे तोंड उघडतो. इथे तर बाहेरच सगळी बोंब झालेली. एके दिवशी बसस्टॉपवर चारचौघांत कोणीतरी मोठ्याने विचारलं, "काय रे, आज मीटिंग?" तेव्हापासून त्याने जाणंच सोडलं.

मी म्हापशात शिवणकाम करते. माहेर सावंतवाडीचं, शिक्षण मराठीतून, धर्माने कॅथलिक. माझ्याकडे हिंदू बायका ब्लाउज शिवायला येतात, आमच्या बायका पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक आणि लग्नातले गाऊन घेऊन येतात. फिटिंगच्या वेळी बाई हात वर करून आरशासमोर उभी असते, माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणजे एकीने बोलायचं आणि दुसरीने ऐकायचं हे ठरलेलंच. "तुकाच सांगतां हां," अशी सुरुवात होते. मी टाचण्या बाजूला काढून "ताई, हे राहू दे" म्हटलं की उत्तर तयार असतं: "त्यात खोटं काय आहे?"

या प्रश्नाला एक ख्रिस्ती बाई म्हणून मला उत्तर द्यायचं आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस ही बायबलच्या दहा आज्ञांपैकी, आमच्यात मोजतात तशी, आठवी. खोटं बोललो नाही की ती पाळली, असं आम्ही धरून चालतो. चर्चची शिकवण तिथे थांबत नाही. खोटं सांगून कोणाचं नाव घालवणं हे एक पाप. आणि कोणाचा खरा दोष, योग्य कारण नसताना, ज्याला तो माहीत नव्हता त्याच्यापुढे उघडा करणं हे दुसरं पाप. शिवाय कुमसार करून, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली देऊन, क्षमा मिळाली तरी त्या माणसाच्या नावाचं जे नुकसान केलं ते भरून देण्याची जबाबदारी शिल्लक राहते. चोरलेले पैसे परत करायचे असतात, हे आम्हा सगळ्यांना पटतं. घालवलेलं नाव परत करायचं असतं हे कधी कोणाच्या मनातही येत नाही.

कोविडच्या दिवसांत, 6 सप्टेंबर 2020 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं की चहाडी ही कोविडपेक्षाही भयंकर साथ आहे. त्या दिवशीचं शुभवर्तमान मत्तयाच्या 18व्या अध्यायातलं होतं. तुझ्या भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, सांग. आम्ही हा क्रम पार उलटा केला आहे. आधी अख्ख्या मंडळीला सांगतो, मग एकदोघांशी खल करतो, आणि ज्याचं त्याच्याकडे कधीच जात नाही. तेही पुष्कळदा मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, बाहेर पडता पडता, चर्चच्या पायऱ्यांवरच. देवाला धन्यवाद देणारं तोंड आणि देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप देणारं तोंड एकच असू नये, असं याकोबाने आपल्या पत्रात लिहिलंय ते आम्हालाच उद्देशून.

एक अडचण मात्र खरी आहे. लग्नाचे कपडे शिवते म्हणून स्थळाची चौकशी करायला आया माझ्याकडे येतात. "मुलगा कसा आहे गो? तुला सगळं माहीत असतं." तिची मुलगी त्या घरात जाणार, तेव्हा तिचा प्रश्न रिकामटेकडा नाही, तिला विचारायचा हक्क आहे. मी स्वतः पाहिलेलं असेल तेवढंच सांगते, ऐकीव काही सांगत नाही. आणि मुलाला समोर बसवून विचारा म्हणते. आमच्यात लग्न ठरलं की रविवारच्या मिस्सेत दोघांची नावं वाचतात आणि काही अडथळा माहीत असेल तर विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीला, येऊन सांगा म्हणतात. म्हणजे सांगायचं कुठे ही सोय चर्चने करून ठेवली आहे. तिथे जाऊन सांगायला धीर लागतो, कारण आपल्या नावानिशी सांगावं लागतं. माझ्या दुकानात कसला धीर लागतो?

घरात बाईला मार बसत असेल, एखाद्या मुलावर कोणी हात टाकत असेल, तर गप्प राहणं हे प्रेम नव्हे. तिथे पोलिसांना सांगा, मुलांसाठी 1098 ला फोन करा. त्याला चहाडी म्हणून कोणी तोंड दाबत असेल तर तो ख्रिस्ताचं नाव वाईट कामाला वापरतो आहे.

दुकानात त्या मुलाचा विषय निघाला होता तेव्हा माझ्या एक जुन्या गिऱ्हाईक तिथेच बसल्या होत्या. वयाने मोठ्या, हिंदू, दर वर्षी न चुकता मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मारियामातेला, तेल घालायला जाणाऱ्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "शुक्रवारी बाजारात भेटला मला. आईची औषधं घेत होता. माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली त्याने." तेही खरंच होतं. गाऊनची मापं देणारी बाई गप्प झाली आणि मग तिने विचारलं, "आईला काय झालंय?" त्यानंतर बोलणं त्या आईच्या गुडघ्यांवर आणि चांगल्या डॉक्टरवर गेलं.

आमच्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका होतात, तिथे बायबल वाचतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो. तिथेसुद्धा "अमक्यासाठी प्रार्थना करूया, त्याचं असं असं झालंय" म्हणत दुसऱ्याचं घर उघडं पडतं. प्रार्थनेला नाव पुरतं. देवाला तपशील ठाऊक आहे.

ज्यांनी या मुलाच्या गोष्टीत पोलीस आणि ड्रग्ज घातले, त्यांनी ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते घातलं त्याच ग्रुपवर, आपल्या नावाने, ते खरं नव्हतं असं लिहावं. आणि बसस्टॉपवर ज्याने मोठ्याने विचारलं, त्याने त्याच्या घरी जाऊन माफी मागावी आणि पुढच्या बैठकीला त्याला आपल्या स्कूटरवरून सोडावं.

आपली एक वाचक,
म्हापसा