फिल्टरचे सुटे भाग: आधी वेगळे करा, मग पेटी ठोका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे. लोटे परशुराम, महाड, रोहा-धाटाव इथून फिल्टरचे सुटे भाग न्हावा शेवा बंदराकडे जात राहतील आणि बऱ्याच पॅकिंग लिस्टवर एकच ओळ असेल: ‘फिल्टर पार्ट्स, ८४२१’. सगळा माल एकाच पेटीत. ही सवय मोडायला हवी, म्हणून हे पत्र.

८४२१ हे जकातीच्या कोडांतले शीर्षक गाळणी यंत्राचे. मुख्यतः त्याच यंत्राला लागणारे भाग, म्हणजे फिल्टर प्रेसची पीपी (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकची) प्लेट किंवा डस्ट कलेक्टरच्या कापडी बॅगेला आतून ताठ धरणारा तारेचा पिंजरा, ८४२१ ९९ मध्ये बसतात. पण गाळणीचे कापड, शिवलेल्या बॅगासुद्धा, ५९११ मध्ये जाते. सुटे रबरी गॅस्केट ४०१६ ९३, लोखंडी नटबोल्ट ७३१८, पंप ८४१३, व्हॉल्व्ह ८४८१. एकाच कोडखाली हे सारे दाखवले की कस्टम्सची शंका येते आणि पेटी उघडली जाते. भर पावसात फोडलेली सीलबंद पिशवी तिथे कोणी पुन्हा नीट बंद करत नाही. म्हणून प्रत्येक कोडचा माल वेगळ्या आतल्या खोक्यात, खोक्यावर कोड आणि नग, तोच क्रमांक पॅकिंग लिस्टवर. तपासणीत मग हवे तेवढेच खोके उघडते.

सोबत ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल, तर तो या पेटीत घालूच नये. धोकादायक मालाच्या यादीत तो यूएन १३६२, वर्ग ४.२, स्वतःहून तापणारा माल. सूट मिळाली तर ती प्रयोगशाळेच्या दाखल्यावर मिळते, आपल्या तोंडी खात्रीवर नाही.

पीपी प्लेट आडव्या रचाव्यात, दोन प्लेटींमध्ये फोमचा पातळ थर. जपायची ती सीलिंगची कड. तिला ओरखडा पडला की दाबाखाली तिथूनच पिचकारी उडते. बांधणीची पट्टी कडेवर थेट ओढू नये, कोपऱ्याला कोन लावावा. रवानगीची वाट पाहत प्लेटी भिंतीला टेकवून उन्हात ठेवल्या तर वाकतात, आणि वाकलेली प्लेट पुन्हा सरळ होत नाही.

पिंजरे हलके पण जागाखाऊ. १५० मिमी व्यासाचे, ३ मीटर लांबीचे १५ पिंजरे म्हणजे साधारण १ घनमीटर. वजन ६० किलोच्या आसपास भरले, तरी सुट्या मालाच्या जहाजभाड्यात घनमीटर आणि टन यांतले जे जास्त तेच धरतात. म्हणून भाडे वाचवायला दोरीने मोळी बांधतात. घाटाच्या वळणांवर खालचे पिंजरे दबतात, वेल्ड सुटतो आणि उघडी तार नव्या बॅगेला भोक पाडते. क्रेट (लाकडी सांगाडा) करून प्रत्येक थराखाली फळी द्यावी, हाच उपाय.

स्टेनलेसच्या जाळीशेजारी साधे लोखंडी बोल्ट नकोत; त्यांचा गंज जाळीवर उतरतो. लोखंडी भाग व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या) पिशवीत, टेफ्लॉनचे गॅस्केट सपाट प्लायवर. त्याची घडी पडली की तिथून गळती ठरलेली.

आता लाकूड. आपल्याकडे आंब्याच्या ओल्या फळ्यांची पेटी स्वस्त पडते, पण बंद कंटेनरमध्ये तेच पाणी वाफ होऊन रात्री छपराला जमते आणि मालावर ठिबकते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेलेच लाकूड घ्यावे. परदेशी जाणाऱ्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे उष्णता किंवा मान्य धुरी आणि आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का लागतो. प्लायवुडला सूट आहे, मात्र त्याखाली ठोकलेल्या साध्या लाकडी स्किडला (पायाच्या ओंडक्यांना) नाही. नेमकी इथेच चूक होते आणि माल पलीकडच्या बंदरात अडकतो. सिलिका जेलच्या प्रमाणित एका युनिटने किमान ६ ग्रॅम पाणी शोषायचे असते. ओल्या पेटीपुढे दोन-चार पुड्यांचे काय चालणार?

कंटेनरचे प्रमाणित वजन १ जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे. त्यात पेट्या, आधाराच्या फळ्या, पट्ट्या सगळे धरावे लागते.

या भागातल्या आयटीआयमध्ये पेटी बांधणीचा निदान आठवड्याभराचा वर्ग असावा आणि उद्योजक संघटनांनी कोडांचा मराठी तक्ता छापून वर्कशॉपमध्ये लावावा, अशी आपल्यामार्फत विनंती आहे.

आपला,
माल रवानगीतील एक वाचक, चिपळूण