मुरूम वेगळा, काळी माती वेगळी!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'मातीत सिमेंट, पाणंद पक्की' ही कालच्या अंकातली बातमी दोनदा वाचली. जागेवरच्या मातीतच सिमेंट मिसळून रस्ता केला की खडी वाचते, पैसा वाचतो, सगळं कबूल. माती कोणती, एवढंच बातमीत सापडलं नाही.

आमच्या पाणंदीवर तीन वर्षांपूर्वी हेच झालं. नमुना नेला टेकाडावरच्या मुरमाचा. त्यावरून 5 टक्के सिमेंट ठरलं आणि तेच खाली ओढ्यापर्यंत रेटलं. टेकाडावरचा तुकडा अजून ठणठणीत आहे. ओढ्याकडचा पहिल्याच पावसाळ्यात उखडला. एक ढेकूळ फोडलं, तर वर राखाडी पापुद्रा आणि आत कोरी काळी माती! ठेकेदार म्हणाला, "काका, सिमेंट तर सगळीकडे सारखंच टाकलं." अरे बाबा, तेच तर चुकलं.

काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती सिमेंटमधून सुटणारा चुना आधी स्वतःच गिळते. त्यात ओली असली की ढेकळं फुटत नाहीत, सिमेंट आत शिरणार कुठून? म्हणून प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट, ते सांगणारा आकडा) 20च्या वर गेला की आधी 3-4 टक्के चुना टाकून दिवसभर मुरू द्यायचा, माती भुसभुशीत झाली की मग सिमेंट. शिवाय पाणंद म्हणजे पिढ्यानपिढ्या गुरांची वाट. शेण मुरलेली वरची वीतभर माती खरवडली नाही, तर सिमेंट नीट धरत नाही.

माती फुगणारी आहे का, हे कळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मी ओट्यावर दोन मोजनळ्या ठेवल्या. दोन्हींत ओढ्याकडची चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम. एकीत रॉकेल, दुसरीत पाणी; रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती 10 मिलिलिटरवर, पाण्यातली 18वर. म्हणजे फुगवटा 80 टक्के. (ओट्याला आठवडाभर वास येत होता. त्यावरून घरात जे ऐकलं ते छापण्याजोगं नाही.)

हे सगळं रस्ता उखडला तेव्हा आपल्याला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. आपण पत्र छापलंत, आभारी आहे. पण नेमका हा परिच्छेद जागेअभावी कापलात. त्याच पानावर राशिभविष्य मात्र तीन स्तंभ ऐसपैस!

पुढच्या टप्प्याचं काम उन्हाळ्यात सुरू होणार म्हणे. या वेळी नमुना ओढ्याकडचा घ्या. रॉकेल रेशनवर मिळेनासं झालंय, पण माझ्याकडे अर्धी बाटली शिल्लक आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, जि. परभणी