अबोलीचा वळेसर, आणि काही आभार

आमवात जडून सहा वर्षं झाली. सकाळी बोटं उघडायलाच तासभर जातो. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, फॉलिक ॲसिड, रक्ततपासण्या हे सगळं अंगवळणी पडलं. पण ह्यांनी जवळ घेतलं की मी अंग चोरायची, ते कुणाला सांगणार?

फिजिओथेरपीच्या ताई, तुम्ही ते न सांगताच ओळखलंत. दार लोटून घेतलंत, दोघांना समोर बसवून सरळ सांगितलंत: रात्रीचाच हट्ट कशाला? दुपारी सांधे मोकळे असतात. आधी गरम पाण्याने अंघोळ करा, गुडघ्यांखाली उशी घ्या, दुखलं तर तिथंच थांबा. इतकं साधं, आणि किती वर्षं आम्ही गप्प होतो! परतताना चोडणच्या फेरीबोटीत ह्यांनी माझा हात हातात घेतला, सुजलेली बोटं न दाबता.

रायबंदरच्या धक्क्यावर पिशवी उचलणाऱ्या मुला, तुझेही आभार.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या फुलवाल्या मावशी, माझे हात डोक्यापर्यंत जात नाहीत हे पाहून तुम्ही उठलात, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, स्वतः माळलात. "सोबीत दिसता गो बाये," सुंदर दिसतेस गं, म्हणालात. त्या संध्याकाळी आरशासमोर मी बराच वेळ उभी होते.